जीआय पत्र्यावरचा पांढरा गंज: ब्रश उचलण्याआधी आणि उचलल्यावर

मे महिन्यात मुंबईत जीआय (गॅल्वनाइज्ड), म्हणजे जस्ताचा लेप दिलेल्या पोलादी पत्र्यांची खरेदी जोरात असते. गच्चीवरची शेड, दुकानापुढचं छप्पर, सोसायटीच्या पार्किंगवरचं आच्छादन, सगळ्यांनाच पावसाआधी उरकायचं असतं. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून नाहीतर जवळच्या हार्डवेअरवाल्याकडून माल येतो, पण फॅब्रिकेटर दुसऱ्या साइटवर अडकलेला असतो. मग पत्रे गच्चीच्या कोपऱ्यात एकावर एक रचतात आणि वरून निळी ताडपत्री करकचून बांधतात. जूनमध्ये दोन-चार सरी पडून जातात. ताडपत्री सोडली की वरचा पत्रा चकचकीत दिसतो, आणि तो उचलला की खालच्या पत्र्यावर पांढऱ्या भुकटीचे मोठमोठे डाग.

यानंतर दोनच वाक्यं ऐकू येतात. घेणारा म्हणतो, ‘गॅल्वनाइजिंग बोगस निघालं.’ विकणारा म्हणतो, ‘काही नाही हो, चुना धरलाय, पुसून टाका.’ बहुतेक वेळा दोघांचंही चुकतं. पांढरा थर किती जाड दिसतो यावरून पत्र्याचा निकाल लावता येत नाही. त्याच्याखाली जस्त किती शिल्लक आहे, तेच बघावं लागतं. या लेखातलं प्रत्येक काम त्यासाठीच आहे, म्हणून ब्रश हातात घेण्याआधी थोडं समजून घ्या.

हा थर येतो कुठून

नवं जस्त हवेत उघडं राहिलं की त्यावर आधी ऑक्साइड आणि हायड्रॉक्साइड तयार होतं. मग हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळाला की त्याचं कार्बोनेट होतं. हे कार्बोनेट करड्या रंगाचं, घट्ट चिकटून बसणारं आणि पाण्यात न विरघळणारं असतं. ते पूर्ण बसायला सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत वेळ लागतो. जुन्या पत्र्याची चमक जाऊन तो राखाडी होतो तेव्हा लोकांना तो खराब झाल्यासारखा वाटतो, पण खरं तर तेव्हा तो सर्वांत सुरक्षित असतो.

एकमेकांना चिकटलेल्या दोन पत्र्यांच्या फटीत पाणी शिरलं की ही साखळी अर्ध्यावर तुटते. पाणी आहे, पण वारा नाही आणि कार्बन डायऑक्साइडही पुरेसा नाही. हायड्रॉक्साइड नुसतं बनत राहतं. ते पोकळ, भुसभुशीत असतं, खालच्या जस्ताला झाकत नाही, त्यामुळे जस्त खाल्लं जातच राहतं. त्यात समुद्राच्या हवेतलं मीठ मिसळलं की वेग आणखी वाढतो. उघड्या छपरावर चार महिने पाऊस झेलणारा पत्रा टिकतो आणि ताडपत्रीखाली जपून ठेवलेला पत्रा पांढरा पडतो, त्याचं कारण हेच. नुसत्या पावसापेक्षा पत्र्याला अडकलेलं पाणी जास्त बाधतं.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. ज्या जस्तापासून ही भुकटी बनते, त्याच्या कितीतरी पट जागा ती व्यापते. त्यामुळे थोडंसं जस्त गेलं तरी दृश्य भयंकर दिसतं.

आधी ढीग मोडा

साफसफाईचा विचार नंतर. पांढरं दिसलं की पहिलं काम म्हणजे पत्रे एकमेकांपासून वेगळे करणं. तेवढ्यानं गंज थांबतो, कारण त्याला लागणारं कोंडलेलं पाणीच उरत नाही. पत्रे भिंतीला तिरके टेकवून उभे करा, दोघांमध्ये हात जाईल एवढी फट ठेवा आणि वारा लागू द्या. पावसात गच्चीवर जागा नसेल तर जिना, पॅसेज, पार्किंग, जिथे छत आणि वारा दोन्ही मिळेल तिथे न्या. बंद खोलीत नेत असाल तर पंखा लावा. हे काम आजच्या आज करायचं. उद्या पेंटर येईल मग बघू, असं म्हटलं की उद्यापर्यंत आणखी थोडं जस्त गेलेलं असतं.

पत्रे ओढताना एकमेकांवर घासू नका. दोघांनी दोन टोकं धरून सरळ वर उचला. हातमोजे जाडच हवेत, पत्र्याची कापलेली कड सुरीसारखी लागते.

दिसतंय ते पांढरा गंजच आहे ना?

पत्र्यावर दिसणारं सगळं पांढरं म्हणजे गंज नव्हे. सिमेंटचे शिंतोडे कडक, खरखरीत असतात आणि नखानं निघत नाहीत. मात्र ओलं सिमेंट तीव्र अल्कधर्मी असतं आणि जस्ताला खातं, म्हणून प्लास्टर चालू असताना पत्र्यावर पडलेला माल ओला असतानाच धुऊन टाका. कबुतरांच्या विष्ठेचे डाग वेगळे ओळखू येतात, पण त्याखाली ओल धरून राहते, तेही काढावेत.

लाल ठिपक्यांकडे जरा नीट बघा. साइटवर कोणी ग्राइंडर मारला असेल तर लोखंडाचा तापलेला कीस पत्र्यावर उडून चिकटतो आणि पहिल्या दमट रात्रीत लालेलाल होतो. पत्राच गंजला असं वाटतं, पण गंजलेला असतो तो कीस. ओल्या फडक्यानं पुसा. निघून गेला आणि खाली जस्ताची करडी झळाळी दिसली तर काळजी नको. पुसूनही पुन्हा त्याच जागी लाल उमटलं तर मात्र तिथलं जस्त संपलं आहे आणि पोलाद उघडं पडलं आहे.

जस्त-ॲल्युमिनियमच्या मिश्र लेपाचे पत्रे, ज्यांना बाजारात गॅल्वाल्यूम म्हणतात, अशाच साठवणुकीत पांढऱ्यापेक्षा काळे पडतात. पुढे सांगितलेली साफसफाई साध्या जीआयसाठी आहे.

प्रकरण किती पुढे गेलंय

बोट फिरवा. खडूच्या भुकटीसारखा पातळ थर बोटाला लागतो आणि खाली पत्र्याचा गुळगुळीतपणा तसाच जाणवतो, तर तो हलका प्रकार. त्याला काहीच करू नका. मी हे मनापासून सांगतो, कारण सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. चांगला पत्रा चकचकीत करण्याच्या हौसेपायी लोक उरलेलं जस्तही घासून काढतात. असा पत्रा छपरावर बसवा, पाऊस-वाऱ्यात हा थर आपोआप धुपून जाईल नाहीतर कार्बोनेट होऊन बसेल.

भुकटी जाड आहे, फडक्यानं पुसल्यावरही पांढरे पापुद्रे राहतात आणि खालचा भाग काळसर, खरबरीत लागतो, तर तो मधला प्रकार. साफ करा आणि जस्त मोजा.

पापुद्र्यांमध्ये पिवळसर-तांबडी झाक दिसते, नखानं खरवडल्यावर खड्डे लागतात, तर तो गंभीर प्रकार. पातळ पत्रा असेल तर तो छपरासाठी वापरू नका. त्याची आतल्या बाजूची तात्पुरती आडोशाची भिंत करा, पण डोक्यावर नको.

साफ कसं करायचं

सामान साधं आहे. नायलॉनचा कडक ब्रश, दोन बादल्या, पांढरं व्हिनेगर, सुती फडकी, हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा. पाणी नळाचं घ्या. समुद्राजवळच्या इमारतींत बोअरचं पाणी बऱ्याचदा खारट असतं. त्यानं धुतलं की मीठ पुन्हा पत्र्यावर येऊन बसतं.

आधी नुसतं पाणी आणि ब्रश. पत्रा ओला करूनच घासा, कोरडं घासलं की भुकटी नाकातोंडात जाते. पन्हळी पत्रा असेल तर पन्हळीच्या लांबीनं ब्रश फिरवा, आडवा नको. बराचसा थर इतक्यातच निघतो.

उरलेल्या डागांसाठी एक भाग व्हिनेगर आणि दहा भाग पाणी असं मिश्रण करा. व्हिनेगर नसेल तर लिंबाचा रसही चालतो. आधी कोपऱ्यातल्या वीतभर जागेवर करून बघा. फडकं मिश्रणात बुडवून डागावर टेकवा, अर्धा-एक मिनिट थांबा, ब्रश फिरवा आणि लगेच भरपूर पाण्यानं धुवा. डागावर बारीक बुडबुडे दिसतील, भुकटीतलं कार्बोनेट विरघळतंय त्याचे. डाग विरघळून गेल्यावर मात्र तेच आम्ल चांगलं जस्त खायला लागतं, म्हणून पातळ मिश्रण, थोडा वेळ आणि ताबडतोब धुणं, या तिन्ही गोष्टी पाळा. डाग नाहीच हटला तर मिश्रण थोडं घट्ट करा, पण वेळ वाढवू नका. मिश्रण पत्र्यावर वाळू द्यायचं नाही. एका वेळी हात पोचेल एवढाच भाग घ्या.

धुतल्यावर कोरड्या फडक्यानं पुसा आणि पत्रा तिरका उभा करून पूर्ण वाळवा. पावसाळ्यात धुतलेले पत्रे तसेच पुन्हा एकावर एक रचले तर सगळी मेहनत पाण्यात गेली. साफ केलेली जागा बाजूच्यापेक्षा मंद किंवा काळपट दिसेल. ते तसंच राहू द्या, काही महिन्यांत सगळा पत्रा एकाच करड्या रंगावर येतो.

आता काय वापरायचं नाही, ते ठासून सांगतो.

तारेचा ब्रश नको. तो जस्त ओरबाडतो आणि स्वतःच्या लोखंडी तारांचा कीस मागे सोडतो, तो नंतर लाल होतो. ग्राइंडरला कप ब्रश लावून तर अजिबात नको. टाइल्स किंवा संडास धुण्याचं ॲसिड नको. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. डाग क्षणात जातो हे खरं, कारण त्याच्यासोबत जस्तही जातं, आणि मागे उरलेला क्लोराइड पुढच्या गंजाची तयारी करून ठेवतो. ‘ॲसिड मारून नवा करून देतो’ असं कोणी म्हणालं तर त्याला पत्र्याला हात लावू देऊ नका. कॉस्टिक सोड्याचंही तेच, जस्ताला तीव्र आम्ल आणि तीव्र अल्क दोन्ही चालत नाहीत. ब्लीच तर व्हिनेगर, ॲसिड किंवा अमोनियासोबत कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

पत्रे आधीच छपरावर बसवलेले असतील तर वर चढून घासण्याचं काम पावसाच्या उघडिपीतही टाळा. ओला पत्रा भयानक निसरडा असतो. बाजूला जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांवर पाय पडला की माणूस आरपार जातो. ऑक्टोबरपर्यंत थांबलं तर फार काही बिघडत नाही, कारण उघड्या छपरावरच्या पत्र्याला वारा मिळतच असतो.

मोजल्याशिवाय निकाल देऊ नका

जस्ताची जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजतात. त्यासाठी खिशात मावेल एवढं चुंबकीय गेज मिळतं. मोठ्या फॅब्रिकेटरकडे, पेंटिंगच्या ठेकेदाराकडे, तपासणी करणाऱ्यांकडे ते असतं. मोजण्याआधी जागा साफ आणि कोरडी हवी, नाहीतर भुकटीचीही जाडी त्यात धरली जाते. डागाच्या जागी आणि डाग नसलेल्या जागी, दोन्हीकडे पाच-सहा ठिकाणी टेकवा आणि तुलना करा.

आता हिशोब. पत्र्यावरचं जस्त ‘जीएसएम’मध्ये सांगतात, म्हणजे एका चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून किती ग्रॅम. जस्ताची घनता ७.१४ असल्यानं एका बाजूचे ७.१४ ग्रॅम म्हणजे एक मायक्रॉन. १२० जीएसएमच्या पत्र्याला एका बाजूला ६० ग्रॅम, म्हणजे जेमतेम ८.४ मायक्रॉन. २७५ जीएसएमच्या पत्र्याला १९ मायक्रॉनच्या थोडं वर. आणि कारखान्यात वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेल्या, सहा मिलिमीटरपेक्षा जाड लोखंडी भागाला आयएसओ १४६१ या मानकानुसार सरासरी किमान ८५ मायक्रॉन.

म्हणजे तोच पांढरा थर, तेच दोन-तीन मायक्रॉनचं नुकसान, पण निकाल तीन वेगवेगळे. जाड खांबाला त्यानं काही होत नाही. २७५ च्या पत्र्याचं आयुष्य थोडं घटतं. १२० च्या पत्र्याची मात्र एक-तृतीयांश पुंजी छपरावर चढायच्या आधीच संपते.

आयएसओ १४६१ स्वच्छ सांगतं की लेपाची जाडी किमान मर्यादेच्या वर असेल तर साठवणुकीतल्या ओलीचे डाग हे माल नाकारायचं कारण होत नाही. पुरवठादाराशी बोलताना हे माहीत असू द्या. ‘पांढरं दिसतंय’ या तक्रारीत जोर नाही. ‘इतके मायक्रॉन हवे होते, इतकेच भरतात’ या तक्रारीला उत्तर द्यावंच लागतं.

जिथे जस्त गेलं, तिथे

पोलाद उघडं पडलेली छोटी जागा झिंक-रिच पेंटनं, म्हणजे जस्ताची भुकटी भरपूर असलेल्या रंगानं, दुरुस्त होते. बाजारात ‘कोल्ड गॅल्वनाइजिंग’ नावाचे स्प्रेही मिळतात. डब्यावर सुकलेल्या थरात जस्ताचं प्रमाण किती ते वाचा, ९२ टक्क्यांच्या वर असलेलं घ्या. जस्ताचे कण एकमेकांना आणि पोलादाला चिकटलेले असतील तरच ते पोलादाऐवजी स्वतः झिजून त्याला वाचवतात.

उघड्या जागेवरचा लाल गंज बारीक सँडपेपरनं काढा. पुसून, वाळवून मगच रंग लावा. जस्त जड असतं, डब्याच्या तळाशी बसतं, म्हणून काठीनं तळापासून नीट ढवळत राहा. वरवरचं पातळ लावलं तर त्यात जस्त नसतंच. दोन-तीन हात द्या, एकूण थर १०० मायक्रॉनपर्यंत जायला हवा. जीआय पाइपवर वेल्डिंग झालं असेल तर जोडाभोवतीचं जस्त जळालेलं असतं, तिथेही हेच. वेल्डिंगच्या वेळी उठणारा जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो, म्हणून वेल्डरला मास्क द्या आणि काम उघड्यावर करून घ्या.

इथे फसवणूक होते ती सिल्व्हर पेंटची. वेल्डिंगच्या काळ्या डागावर चंदेरी रंगाचा फवारा मारला की काम नव्यासारखं दिसतं. तो ॲल्युमिनियमचा रंग असतो, त्यात जस्त नसतं, आणि पहिल्याच पावसात त्याखालून लाल ओघळ येतात. ठेकेदाराला डबा दाखवायला सांगा.

पूर्ण पत्रा रंगवायचा असेल तर पांढऱ्या गंजाचा कण न कण काढावा लागतो, भुकटीवर रंग टिकत नाही. तेलाचा रंग किंवा नेहमीचा रेड ऑक्साइड प्रायमर थेट जीआयवर लावू नका. जस्ताची त्यातल्या तेलाशी प्रक्रिया होऊन साबणासारखा थर तयार होतो आणि रंग सोलून निघतो. मुंबईतल्या कितीतरी ग्रिल्स आणि गेट्सवरचा रंग सालीसारखा लोंबताना दिसतो, त्यामागे बहुतेक हेच असतं. आधी जीआयसाठीचा एच (etch) प्रायमर किंवा इपॉक्सी प्रायमर, मग रंग.

माल घेताना आणि ठेवताना

टेम्पो दारात आला की सही करायच्या आधी ढिगाच्या मधला एक पत्रा वर उचलून बघा. कडा आणि वरचा पत्रा नेहमी चांगलेच दिसतात. मधला ओला किंवा पांढरा असेल तर मोबाइलवर फोटो काढा आणि चलनावर ‘माल ओला मिळाला’ असा शेरा लिहूनच सही करा. आठवड्यानं केलेल्या तक्रारीला तुमच्याच ताडपत्रीकडे बोट दाखवलं जातं, आणि तेव्हा तुमच्या हातात काहीच नसतं.

दुकानात पत्रा गेज किंवा मिलिमीटरवर विकतात, ती पोलादाची जाडी झाली. जस्त किती ते विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. आयएस २७७ या भारतीय मानकात जीआय पत्र्यांच्या लेपाचे वर्ग ठरवलेले आहेत. बिलावर जीएसएम लिहून घ्या, मोठी खरेदी असेल तर मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा. खारे तुषार थेट न पोचणाऱ्या किनारी भागाच्या हवेला आयएसओ ९२२३ मध्ये सी-४, म्हणजे जास्त गंजवणाऱ्या, वर्गात धरतात आणि त्या वर्गात जस्त वर्षाला २.१ ते ४.२ मायक्रॉन झिजतं. म्हणजे १२० जीएसएमचा पत्रा दोन ते चार वर्षं, २७५ चा साधारण साडेचार ते नऊ वर्षं. समुद्रासमोरच्या इमारतीला यापेक्षाही कमी धरा. शेड उभी करायची मजुरी दोन्हीला तेवढीच लागते. म्हणून मुंबईत छपराला १२० जीएसएम घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

ठेवायची वेळ आलीच तर पत्रे जमिनीपासून अर्धा फूट उंच ठेवा. खाली सुकलेल्या लाकडाचे ठोकळे घाला, ओल्या लाकडाचे डाग पडतात. एका टोकाचे ठोकळे उंच ठेवा म्हणजे शिरलेलं पाणी उतारानं निघून जाईल. मधे मधे लाकडी पट्ट्या सारून वाऱ्याला वाट द्या. ताडपत्री तंबूसारखी वर ताणा, पत्र्याला चिकटू देऊ नका आणि खालून चारही बाजूंनी उघडी ठेवा. आतली वाफ बाहेर पडली नाही तर पहाटे तिचंच पाणी पत्र्यांवर उतरतं. मिलमधून प्लास्टिकमध्ये गुंडाळून आलेलं बंडल साइटवर पोचताच फोडा. जीआय पाइपच्या गठ्ठ्याला दोन्ही टोकांना कॅप असतील तर त्या काढून गठ्ठा तिरका ठेवा, पाइपच्या आत पांढरं झालेलं बाहेरून कळतच नाही.

बसवल्यानंतर

वरच्या बाजूला पाऊस धुऊन काढतो. खालच्या बाजूला, वळचणीखाली, दोन पत्र्यांच्या जोडात पाऊस पोचत नाही, तिथे समुद्राचं मीठ साचत जातं. मुंबईत छप्पर वरून सडण्याआधी खालून सडतं, आणि खाली उभं राहून मान वर करून बघतो कोण? पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यात, आणि नंतर उन्हाळ्यात एकदा नळाच्या पाण्याची धार खालच्या बाजूनं, जोडांवर आणि पत्रा अडकवणाऱ्या जे-हुकांभोवती मारा. आधी शेडखालची वायरिंग आणि दिवे बंद करा. छपराच्या गटारीत साचलेला पाला, माती काढा, ओला पाला फटीतल्या पाण्यासारखंच काम करतो. एसीच्या तांब्याच्या पाइपवरून ठिबकणारं पाणी पत्र्यावर पडत असेल तर नळी लावून ते बाजूला वळवा, तांब्यावरून आलेल्या पाण्यानं जस्त फार लवकर झिजतं. त्याच फेरीत जोडांवर लाल ठिपके दिसले तर खडूनं खूण करा आणि कोरड्या दिवसात झिंक-रिच पेंटचा डबा घेऊन तेवढे उरकून टाका.